दुष्काळाची लेक : पंडिता रमाबाई आणि दुखावलेल्या मुलींची शुश्रूषा

पावसाळा सरला, भाताची कापणी आणि झोडणी आटोपली, की पेण आणि रोहे तालुक्यांच्या डोंगरकुशीतील कातकरी वाड्या हळूहळू ओस पडू लागतात. कुटुंबेच्या कुटुंबे विटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला निघून जातात. मुलांची नावे शाळेच्या पटावर राहतात, मुले मात्र आईबापांच्या मागून गेलेली असतात. यांतील काही मुलेमुली पुढे कधीतरी आश्रमशाळेत, वसतिगृहात अथवा बालगृहात येऊन पोहोचतात. कुणाच्या घरी दारू व मारहाण असते, कुणाचे लग्न नको त्या वयात लावून दिलेले असते, कुणाच्या बाबतीत जे घडले ते बोलण्यापलीकडचे असते. याच जिल्ह्यात दरडींनी आणि पुरांनी पोरकी केलेली मुलेही आहेत. १९८९ चा जांभूळपाड्याचा पूर जुन्या माणसांना आठवतो. २०२१ चे महाड तालुक्यातील तळिये आणि २०२३ ची खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी तर कालपरवाची गोष्ट आहे.

अशी मुलगी वसतिगृहात आली, की पहिल्या आठवड्यातच तक्रारी सुरू होतात. ती उशाखाली पोळ्या लपविते. रात्री दिवा मालवू देत नाही. कुणी पाठीमागून हाक मारली की अंगावर धावून येते. वर्गात तासन् तास भिंतीकडे पाहत बसते. विचारले तर खोटे बोलते, रागावले तर पळून जाते. मुलगी वाया गेलेली आहे, असा निष्कर्ष आपण फार लवकर काढतो.

अलीकडच्या काळातील मानसशास्त्र हा निष्कर्ष मान्य करीत नाही. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये आघात आणि त्यातून सावरणे या विषयावर एक ग्रंथ लिहिला. सावरण्याची पहिली पायरी सुरक्षितता, त्यानंतर झालेल्या गोष्टीची आठवण व शोक, आणि त्यानंतर माणसांशी पुन्हा नाते, असा क्रम त्यांनी मांडला. १९९८ मध्ये सॅन डिएगो येथे सतरा हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध होऊ लागले आणि बालपणीच्या छळाची, उपेक्षेची खूण शरीरावर व मनावर किती वर्षे राहते, हे जगाला कळले. त्यातूनच पुढे ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर’ ही संज्ञा रूढ झाली. मराठीत आम्ही तिला आघाताची जाण ठेवून केलेली शुश्रूषा असे म्हणू. या मुलीत काय बिघडले आहे, असे न विचारता या मुलीच्या बाबतीत काय घडले आहे, असे विचारणे, हे तिचे सार.

परंतु ही संज्ञा जन्मण्याच्या शंभर वर्षे आधी, आपल्याच महाराष्ट्रात, एका विधवेने हजारो मुलींच्या बाबतीत हाच प्रश्न विचारला होता. पंडिता रमाबाई यांचे नाव आमच्या वाचकांना अपरिचित नाही. त्या कॅथलिक नव्हत्या. त्यांचा स्नानसंस्कार अँग्लिकन चर्चमध्ये झाला आणि पुढे त्या कोणत्याच एका पंथाच्या चौकटीत फारशा रमल्या नाहीत. त्यांची विद्वत्ता, त्यांचा प्रवास, त्यांच्यावरील वादंग यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हाला येथे त्यांच्या आयुष्याचा एकच धागा पाहावयाचा आहे: ज्या स्त्रीला स्वतःलाच इतका मार बसला होता, तिने दुसऱ्यांच्या जखमा कशा बांधल्या?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कोकणस्थ ब्राह्मण, संस्कृताचे मोठे पंडित. आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी संस्कृत शिकविले, या अपराधासाठी त्यांना स्वजनांचा रोष पत्करावा लागला आणि रानात आश्रम थाटून राहावे लागले. रमाबाई अवघ्या काही महिन्यांच्या असताना कुटुंबाने तो आश्रमही सोडला. वेताच्या पेटाऱ्यात घालून, माणसाच्या डोक्यावरून या मुलीचा प्रवास सुरू झाला तो पुढे वीस वर्षे थांबला नाही. तीर्थामागून तीर्थ, देवळामागून देऊळ. पुराण सांगावे, मिळेल त्या दक्षिणेवर राहावे, दानधर्म करून रिकामे व्हावे, पुन्हा चालू लागावे. आठव्या वर्षापासून आईने तिला संस्कृत शिकविले. भागवताचे अठरा हजार श्लोक तिला मुखोद्गत झाले.

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कुणी येईना. जवळचे दागिने, भांडी, वस्त्रे सारे विकून झाले. मजुरी करण्याची सवय नव्हती आणि भीक मागण्याची लाज होती. रानातील पाला खाऊन काही दिवस काढल्यावर वडील गेले. त्यानंतर काही आठवड्यांतच आई तापाने अंथरुणाला खिळली. तिच्यासाठी शेजारच्या घरी अन्न मागायला रमाबाई गेल्या. दारात उभ्या राहिल्या, पण तोंडातून शब्द फुटेना, नुसते अश्रू आले. त्या घरच्या बाईने आपण होऊन बाजरीची भाकरी हातावर ठेवली. आईला ती गिळवली नाही. आई गेल्यावर खांदा द्यायला माणसे मिळेनात. दोघे ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी पडली म्हणून तिरडीचा दांडा त्यांनी डोक्यावर घेतला. तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. पुढच्या वर्षी थोरली बहीणही गेली.

उरलेली दोघे भावंडे पायी उत्तरेकडे निघाली. झेलम नदीच्या काठी थंडीपासून वाचण्यासाठी वाळूत खड्डे खणून, अंगावर कोरडी वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. १८७८ मध्ये ती कलकत्त्याला पोहोचली आणि तेथील विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. चरित्रकार येथे बहुधा सुटकेचा नि:श्वास टाकतात. आम्हाला मात्र असे वाटते, की ज्या वाचकाला दुखावलेल्या मुलांची ओळख आहे त्याने या पदव्यांनी फार हुरळून जाऊ नये. बुद्धी शाबूत असते, वाणी तेजस्वी असते, आणि आतील जखम तशीच ओली असते. असे पुष्कळदा घडते. १८८० च्या मे महिन्यात भाऊ ढाक्याला वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी जातीची बंधने तोडून नोंदणी विवाह केला. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा जन्मली. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने पती गेले. तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. जन्मापासून ज्यांना आपले म्हटले त्यांपैकी कडेवरच्या तान्ह्या मुलीवाचून कुणीही उरले नव्हते.

पुण्यातील आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढील साक्ष, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक, हे सारे १८८२ चे. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथे सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात उतरल्या. सोबत आनंदीबाई भगत नावाची एक मैत्रीण होती. त्या शरद ऋतूत जे घडले ते चरित्रांत एखाद्या ओळीत येते आणि निघून जाते. परक्या देशात, परक्या माणसांत, आपल्याला बळेच ख्रिस्ती केले जाईल या भीतीने आनंदीबाईंचे मन ढळले. भयाच्या भरात तिने एका रात्री रमाबाईंवरच हात टाकला आणि त्यानंतर स्वतःचे जीवन संपविले, अशी नोंद प्राध्यापक मॅक्स म्युलर यांनी आपल्या आठवणींत केली आहे. त्यानंतर रमाबाई ऑक्सफर्डला त्यांच्या घरी राहिल्या, तेव्हा त्यांचे मन इतके खचले होते, की रात्री खोलीत एकटे राहण्याचे धैर्य त्यांना होत नसे. एका दासीला सोबत निजावे लागे.

आमच्या मते रमाबाईंचे पुढील सारे कार्य समजून घ्यायचे तर या निद्राहीन रात्रींपाशी क्षणभर थांबले पाहिजे. हंटर आयोगापुढे निर्भयपणे बोलणारी, पंडितांच्या सभा जिंकणारी बाई अंधाराला भीत होती. त्या काळात या अवस्थेला नेमके नाव नव्हते. आघातोत्तर ताणविकार हे निदान वैद्यकाच्या अधिकृत यादीत आले ते १९८० मध्ये. परंतु म्युलर यांच्या घरच्यांनी केले ते बरोबरच होते. भीती का वाटते म्हणून त्यांनी उपदेश केला नाही; खोलीत दुसरे माणूस झोपविले.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंचा आणि मनोरमेचा स्नानसंस्कार झाला. त्यामागे वाचन होते, नेहेम्या गोरे या मराठी धर्मगुरूंचे लेखन होते. परंतु रमाबाईंनी स्वतः पुढे जे कारण मुख्य म्हणून सांगितले ते एका भेटीचे आहे. हवापालटासाठी धर्मभगिनींनी त्यांना लंडनमध्ये फुलम येथील आपल्या एका शाखेत पाठविले होते. तेथे समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी गृह चालविले जाई. ज्यांना आपल्याकडे कुणी उंबऱ्यात उभे केले नसते, त्यांची कुलीन स्त्रिया प्रेमाने सेवा करीत आहेत, हे पाहून रमाबाई चकित झाल्या. असे का करता, हे विचारल्यावर एका भगिनीने त्यांना योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखविला: विहिरीवरील शोमरोनी स्त्री आणि प्रभू येशू यांची भेट.

हा अध्याय आपण अनेकदा ऐकतो. सावरण्याच्या दृष्टीने तो पुन्हा वाचावा. ही बाई भर दुपारी, एकटी पाण्याला येते. प्रभू तिला प्रथम काही देत नाहीत, उलट तिच्याकडे पाणी मागतात. तिला याचक न बनविता दाती बनवितात. तिच्या गतायुष्याविषयी त्यांना ठाऊक असते, ते ती गोष्ट लपवीत नाहीत आणि तिच्यावर फेकूनही मारीत नाहीत. संभाषणाच्या अखेरीस ती घागर तेथेच टाकून ज्या गावापासून तोंड लपवीत होती त्याच गावात जाते. ज्युडिथ हर्मन यांच्या तीन पायऱ्या या विहिरीच्या काठावर सापडतात, असे आम्हाला वाटते. शास्त्रज्ञांनी या वाचनास मान्यता द्यावी असा आमचा आग्रह नाही.

वाँटेजच्या भगिनींचे ऋण रमाबाईंनी कधी नाकारले नाही. त्यांचे खटके मात्र उडाले. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना वाटे, की या तरुण विधवेने वडीलधाऱ्यांचे ऐकावे, धर्मशिक्षणात शंका काढू नयेत. रमाबाई उत्तर देत, की एका जोखडातून सुटून त्यांनी आपली सद्सद्विवेकबुद्धी दुसऱ्या कुणाच्या स्वाधीन करण्यासाठी दिलेली नाही. दोघींचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला, तो आजही वाचनीय आहे. ज्याला आपण आसरा दिला त्याने कृतज्ञ राहावे आणि कृतज्ञतेपोटी आज्ञाधारकही राहावे, ही अपेक्षा आश्रय देणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या मनात नकळत असते. आपल्या ख्रिस्ती संस्थाही तिला अपवाद नाहीत. ज्याच्यावर बळजोरी झालेली असते त्याला मात्र आपल्या बाबतीत निर्णय आपण घेऊ शकतो, हे अनुभवाने कळावे लागते. नाही म्हणता आले तरच त्याच्या होकाराला अर्थ येतो. श्रद्धेच्या बाबतीत कुणावरही सक्ती असू नये, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ च्या धर्मस्वातंत्र्याविषयीच्या घोषणेत निःसंदिग्धपणे सांगितले.

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. ११ मार्च रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी यांना वैद्यकीय पदवी मिळताना त्यांनी पाहिले. तेथेच त्यांनी फ्रेबेल यांची बालोद्यान पद्धती शिकून घेतली. खेळ, गाणी, रंग, बाग यांतून मूल शिकते, हा विचार त्यांना भावला. घोकंपट्टीत वाढलेल्या बाईला तो भावावा याचे नवल वाटत नाही. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीविषयीचे त्यांचे इंग्रजी पुस्तक गाजले आणि बॉस्टन येथे त्यांच्या कार्याला मदत करणारी रमाबाई असोसिएशन स्थापन झाली.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. त्या काळी पेण-रोह्याकडची माणसे खाडीवाटे मुंबई गाठीत, देवरुख-मुरुडकडची समुद्रावाटे. कोकणातील घरोघरी बालविधवा होत्या. त्यांपैकी एक, देवरुखची गोदूबाई जोशी, भावाबरोबर मुंबईला आली होती. आठव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. नवरा म्हणजे काय हे कळण्याआधी तो गेला होता. पुढची वर्षे सासरच्या स्वयंपाकघरात, शेतात, केशवपन केलेल्या मस्तकाने काढलेली. शारदा सदनातील ती पहिली विधवा विद्यार्थिनी. विशी उलटलेली ही बाई अक्षरे गिरवू लागली.

येथे रमाबाईंनी जे केले ते आजच्या शास्त्राशी इतके जुळते, की आश्चर्य वाटते. स्वयंपाक ब्राह्मणाच्या हातचा ठेवला. ज्यांना सोवळे पाळायचे त्यांनी पाळावे, ज्यांना उपवास करायचे त्यांनी करावे, ज्यांना पूजा करायची त्यांनी करावी. स्वतः रमाबाई ख्रिस्ती आणि संस्थेच्या प्रमुख. परंतु आलेल्या मुलीच्या पायाखालची ओळखीची जमीन त्यांनी पहिल्याच दिवशी काढून घेतली नाही. विधवेचे तोंड पाहणे जेथे अशुभ मानत, तेथून आलेल्या मुलींना येथे बाग होती, फुले होती, पुस्तके होती, त्यांच्याशी बरोबरीने जेवणारी-बोलणारी एक विदुषी होती. बोलायला लावणे मात्र नव्हते. गोदूबाईंनी आपली हकीकत लिहिली ती पुढे कैक वर्षांनी, वृद्धपणी. ‘माझे पुराण’ या नावाने ती १९४४ मध्ये प्रसिद्ध झाली. तोवर त्या गोदूबाई राहिल्या नव्हत्या. ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला, त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. मुरुडकरांनी या दांपत्यावर बहिष्कार घातला. १८९६ मध्ये कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, आणि हिंगण्याचे जे काही पुढे उभे राहिले त्यामागे शारदा सदनात सावरलेली ही एक मुलगी उभी आहे.

१८९० च्या अखेरीस सदन पुण्याला हलले आणि १८९३ मध्ये वादळ उठले. रमाबाई मनोरमेसह आपल्या खोलीत सकाळी प्रार्थना करीत, तेव्हा दार उघडे असे. काही मुली आपण होऊन आत येऊन बसत. यावरून धर्मांतराचा आरोप झाला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे असे, की दार बंद करणे हा ढोंगीपणा झाला असता. विरोधकांचे म्हणणे असे, की निराधार मुलीपुढे उघडे असलेले दार हे निमंत्रणच असते. शंभराहून अधिक वर्षांनंतरही आम्हाला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. जो पूर्णपणे आपल्यावर अवलंबून आहे त्याच्यावर आपल्या नुसत्या असण्याचाही दाब पडतो, हे विसरता येत नाही.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंना आपला दुष्काळ आठवला. वीस वर्षांपूर्वी आपणही अशाच रस्त्यावर होतो, हे त्यांनी त्या वेळी लिहूनही ठेवले आहे. त्या स्वतः तेथे गेल्या. दुष्काळी छावण्यांतून, रस्त्यांवरून, मुली पळविणाऱ्या दलालांच्या हाती जाऊ पाहणाऱ्या मुलींना गोळा करून त्यांनी सुमारे तीनशे जणींना आणले. पुण्यात प्लेग पसरला होता, शहरात इतक्या मुली ठेवण्यास परवानगी नव्हती. पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे त्यांनी आधीच शेतजमीन घेऊन ठेवली होती. तेथे मांडव घालून मुली उतरविल्या. हेच मुक्ती सदन. १९०० मध्ये गुजरातेत आणि राजपुतान्यात दुष्काळ पडला तेव्हा पुन्हा मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

ज्यांची शरीरे सांगाड्यासारखी झालेली, अंगावर फोड, मनात कुणावरही विश्वास नाही, अशा या मुली होत्या. अनेक जणी आल्यावरही वाचल्या नाहीत. इतक्या जणींच्या मनाकडे एकेक करून पाहणे कोणत्याही एका माणसाला अशक्य होते, आणि रमाबाईंना ते साधले असा दावा करणे अयोग्य ठरेल. त्यांनी जे साधले ते रचनेने साधले. शारदा सदनात आधी शिकलेल्या, स्वतः दुःख भोगलेल्या तरुण विधवांकडे लहान मुलींची जबाबदारी दिली. जी स्वतः त्या वाटेने आली तिच्या सांगण्याला वेगळे वजन असते. आज याला समदुःखींचा आधार म्हणतात आणि प्रशिक्षणवर्गांत तो शिकविला जातो. दिवसाला ठरलेला आकार होता: उठणे, प्रार्थना, जेवण, शाळा, काम, खेळ, झोप. ज्याच्या आयुष्यात उद्याचे जेवण हीच अनिश्चित गोष्ट होती त्याला घंटा वाजली की जेवण मिळते, हे रोज, न चुकता कळणे हेच मोठे औषध असते. उशाखालची पोळी उपदेशाने निघत नाही. ती निघते तीनशेव्या दिवशीही जेवण वेळेवर आल्यावर.

आणि हातांना काम होते. विणकाम, शेती, दूधदुभते, तेलघाणी, धुलाई, स्वयंपाक, शिकविणे, रुग्णसेवा, छापखाना. दया म्हणून मिळालेले अन्न आणि आपल्या श्रमाने पिकविलेले अन्न यांतील फरक रमाबाईंना स्वानुभवाने ठाऊक होता. शेजारणीच्या दारात जिची जीभ उचलली नव्हती, ती मुलगी त्या विसरल्या नसाव्यात. अंध मुलींसाठी बार्तीमी सदन होते, तेथे ब्रेल लिपी शिकविली जाई. ज्यांच्यावर अत्याचार झाला होता, ज्यांना बाजारात ढकलले गेले होते, त्यांच्यासाठी कृपा सदन होते. फुलमला जे पाहिले ते केडगावला उभे राहिले.

आणखी एक घटना नोंदविणे आवश्यक वाटते. १८९७ मध्ये प्लेगच्या बंदोबस्तात त्यांच्याकडची एक मुलगी सरकारी छावणीत नेण्यात आली आणि तेथे पहारेकऱ्याच्या हाती सापडली, असे रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात उघडपणे लिहिले. सरकारने ते नाकारले. प्रकरण ब्रिटिश संसदेपर्यंत गेले. सरकारशी वैर त्यांना परवडणारे नव्हते, तरी त्या बोलल्या. मुलीचे रक्षण आणि संस्थेचा नावलौकिक यांत निवड करण्याची वेळ आली, की अनेक संस्था गप्प बसतात. ख्रिस्तसभेलाही गेल्या काही दशकांत या गप्प बसण्याची किंमत मोजावी लागली आहे. २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी अल्पवयीनांच्या संरक्षणासाठी परमधर्मपीठीय आयोग नेमला, तो त्यानंतर.

आता पेण-रोह्याच्या त्या मुलीकडे. २०१४ मध्ये अमेरिकेतील शासकीय यंत्रणेने आघाताची जाण ठेवणाऱ्या सेवेची तत्त्वे प्रसिद्ध केली: सुरक्षितता, विश्वासार्हता, समदुःखींचा आधार, सहकार्य, निर्णयाचा अधिकार आणि संस्कृतीची जाण. वसतिगृहात याचा अर्थ अगदी साधा होतो. तिला झोपायची जागा दाराजवळ हवी की भिंतीपाशी, हे तिला विचारावे. मागून हाक मारू नये, समोर येऊन बोलावे. सुट्टीत घरी न्यायला कोण येणार हे नक्की नसेल तर येतील म्हणून सांगू नये. मोडलेले एक वचन शंभर दिवसांची मेहनत वाया घालविते. तिची कातकरी बोली हसण्यावारी नेऊ नये. काय घडले हे सर्वांसमोर विचारू नये, पुन्हा पुन्हा तर मुळीच विचारू नये. ती बोलू लागली तर ऐकावे, विश्वास ठेवावा. अत्याचाराची गोष्ट असेल तर ती आपल्यापाशी दाबून ठेवू नये: २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे, आणि मन फार खचले असेल, जिवाला धोका वाटत असेल, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. प्रार्थना करावी, मात्र प्रार्थना हे डॉक्टरकडे न नेण्याचे कारण होऊ नये.

आणि वेळ द्यावा. वाळूच्या खड्ड्यात झोपणारी मुलगी केडगावपर्यंत पोहोचायला वीस वर्षे लागली. मधल्या काळात ती भ्याली, भांडली, चुकीच्या माणसांना दुखावून बसली, रात्री एकटी झोपू शकली नाही. तिला त्या वीस वर्षांतील कोणत्याही एका टप्प्यावर कुणी वसतिगृहाच्या नोंदवहीत उतरविले असते, तर शेरा बरा पडला नसता.

(योगायोग असा, की रमाबाई पुण्यात दुष्काळपूर्व शेवटची शांत वर्षे काढीत असताना, ११ सप्टेंबर १८९५ रोजी, पेण तालुक्यातील गागोदे गावी विनोबा भावे यांचा जन्म झाला. १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात हाच माणूस निःशस्त्र फिरला आणि दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. त्यांचे चरित्र स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

रमाबाईंची अखेरची वर्षे एका मोठ्या कामात गेली. प्रचलित मराठी बायबल त्यांच्या मुलींना समजत नसे. संस्कृतप्रचुर शब्द खेड्यातून आलेल्या, उशिरा अक्षर शिकलेल्या बाईला अडखळायला लावीत. संस्कृताची एवढी मोठी पंडिता साध्या मराठीकडे वळली, हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि संपूर्ण बायबलचे भाषांतर करू लागली. ऐकू येणे तरुणपणापासूनच कमी होते, ते आता फारच कमी झाले होते. १९१९ मध्ये सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. चाळीस वर्षांची ती लेक, जिच्या हाती मुक्ती सोपवायची होती. १८७४ पासून ज्या मृत्यूंची रांग लागली होती तिच्यातील हा शेवटचा.

या वेळी रमाबाई एकट्या नव्हत्या. भोवती शेकडो मुली होत्या, त्यांतील कित्येक आता प्रौढ बायका झालेल्या. त्यांनी भाषांतराचे काम थांबविले नाही. अखेरची मुद्रिते तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे झोपेतच त्यांचे देहावसान झाले. ते बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. त्याचे खिळे जुळविले, पाने छापली आणि बांधली ती मुक्तीच्या छापखान्यातील स्त्रियांनी.